गाण्याचं अ‍ॅग्रीमेंट आलंय, वकील कुठला गाठायचा आणि पहिल्या भेटीला काय न्यायचं?

खानापूरचा_हलगीवाला

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय, डोकं पार चक्रावलंय म्हणून. आम्ही चौघं मिळून गाणी करतो. शब्द माझे, चाल आणि पेटी माझ्या दोस्ताची, गाणारी आमच्याच गावची पोरगी, लहानपणापासनं भजनी मंडळात गाते, बारावीला आहे, सतरा पूर्ण. चौथा वडगावचा, त्याच्या माडीवर भिंतीला गाद्या लावून केलेली रेकॉर्डिंगची खोली आहे, माईकबिईक सगळं त्यानंच घेतलंय आणि मिक्सिंग पण तोच करतो. सुगीवर एक गाणं करून आमच्या यूट्यूब चॅनेलवर टाकलं. सुरुवातीला माझ्या आजीची जात्यावरची ओवी आहे, वीस सेकंदच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मोबाईल ठेवून मी घेतलेली, जात्याची घरघर आणि तिच्या बांगड्या तशाच ऐकू येतात. गाणं बरंच फिरलं, लोक लग्नाच्या व्हिडिओत पण लावायलेत.

आता मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा मेल आलाय. चौदा पानी अ‍ॅग्रीमेंट, सगळं इंग्रजीत, एकरकमी पन्नास हजार, आणि आठ दिवसांत सही करून पाठवा म्हणूलालेत. चुलत्यांच्या ओळखीचे एक वकील आहेत, बेळगाव कोर्टात जमिनीच्या वाटणीच्या केसेस चालवतात, माणूस खरंच चांगला, त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले असंच असतंय, कर सही. पण आठव्या पानावर "इन पर्पेच्युइटी" असं लिहिलंय, त्याचा अर्थ कायमस्वरूपी, हे बघितल्यापासनं मला झोप नाही. असल्या कामाचा वकील वेगळा असतोय काय? कुठं हुडकायचा? आणि पहिल्यांदा भेटायला जाताना काय घेऊन जायचं? आमच्यातल्या कुणीच आजवर वकिलाची पायरी चढलेली नाही.

शहापूरकर_तबलजी

सही करू नको. पहिलं ते सांगतो, बाकी नंतर.

आमच्या ग्रुपनं सात-आठ वर्षांपूर्वी अभंगांची रेकॉर्डिंग एका कंपनीला दिली. करार मराठीतच होता, दोन पानं, कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागं तबल्याच्या पेटीवर कागद ठेवून सह्या केल्या. "सर्व हक्क कायमस्वरूपी" ही ओळ मी वाचली होती रे, पण मला वाटलं ते त्यांच्या सीडीपुरतं. पुढं आमचीच चाल, आमचाच आवाज, आमच्या चॅनेलवर टाकला तर आम्हालाच कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाची नोटीस. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल जातंय, आमचे दोन झाले होते. मग वकिलाकडं पळालो. सहीच्या आधी गेलो असतो तर दोन तासांचं काम होतं, सहीनंतर दीड वर्ष पत्रव्यवहार चालला, आणि त्या चाली अजून सुटल्या नाहीत. माझ्या वडिलांनी बसवलेली एक चाल आहे त्यात.

सनद_निपाणी

मी बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजची, आता पुण्यात करारांचंच काम करते. तुमचा कागद मी वाचलेला नाही, तेव्हा हे माहिती म्हणून घ्या.

दादा, तुमच्या चुलत्यांच्या ओळखीचे वकील वाईट नाहीत. जमिनीचा कागद ते माझ्यापेक्षा दसपट चांगला वाचतील. पण गाण्याचा करार वाचणारा माणूस वेगळा लागतो, कारण एका गाण्यात चार-पाच वेगवेगळे हक्क असतात. शब्दांचा एक, चालीचा एक, रेकॉर्डिंगचा एक, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा एक. चौदा पानांत हे सगळे एकाच वाक्यात उचललेले असतात.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी लागतं, त्यात कुठलं काम, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि पैसे किती हे सगळं लागतं. मुदत लिहिलीच नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते "इन पर्पेच्युइटी" मुद्दाम घालतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ मध्ये फार मोठी गोष्ट आली: गाण्याचा गीतकार आणि संगीतकार आपल्या रॉयल्टीचा समान वाटा लिहून देऊच शकत नाही, वारसाला किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीला सोडून. कंपनीच्या कागदावर "रॉयल्टी सोडली" असं लिहून सही घेतली तरी ते कलम रद्दबातल. ही दुरुस्ती होण्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते, ते भाषण मी विद्यार्थी असताना तीन वेळा ऐकलंय. "पुढं येणारी सगळी माध्यमं" असं मोघम लिहिलं तरी जे माध्यम आज अस्तित्वातच नाही त्याचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय हक्क जात नाही.

दुसरं. "नंबर वन एंटरटेनमेंट लॉयर" अशी जाहिरात दिसली तर तिथं जाऊ नका. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे आम्हाला जाहिरात करताच येत नाही, म्हणून मी पण इथं माझं नाव देत नाहीये. तसंच "केस जिंकून दिली की निम्मे माझे" असं म्हणणारा पण नको, निकालावर ठरवलेली फी आपल्याकडं चालत नाही.

कडोलीचा_गणपा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पन्नास हजार म्हणजे आमच्याकडं उसाचं बिल येईपर्यंत घर चालतंय. पुणे-मुंबईच्या वकिलाला गाठायचं, त्याची फी, जाणं-येणं, आणि त्यानं चार बदल सुचवले की कंपनी म्हणणार जाऊ दे, दुसरा गाणारा बघतो. मग हातचं पण गेलं. गरिबाला हक्क परवडत नाही दादा. घे आणि पुढचं गाणं कर.

सनद_निपाणी

गणपादादा, ही भीती खरी आहे, मी रोज बघते. पण दोन गोष्टी. पहिल्या भेटीला जो खर्च होतो त्यात वकील कंपनीशी भांडायला जातच नाही, तो फक्त सांगतो की हा कागद काय घेतोय आणि काय देतोय. ते कळल्यावर पन्नास हजारालाच सही करायची असेल तर खुशाल करा, पण कळून करा. दुसरं, "आठ दिवसांत" हा आकडा कायद्यात कुठं नाही. "आम्ही वकिलाला दाखवतोय, पंधरा दिवस द्या" असा साधा मेल टाका. ज्या कंपनीला खरंच गाणं हवंय ती थांबते.

आणि मुंबईपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, कुठल्याही राज्याची असली तरी वकील देशभर काम करू शकतो, आणि करार वाचायचं काम व्हिडिओ कॉलवर नीट होतं. आपल्या भागातनं कोल्हापूर जवळ, धारवाड जवळ. धारवाडला कर्नाटक हायकोर्टाचं खंडपीठ आहे, कोल्हापुरात २०२५ च्या ऑगस्टपासनं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, त्यामुळं तिथं आता वेगवेगळ्या विषयांचे वकील यायला लागलेत. लॉ कॉलेजात बौद्धिक संपदा, म्हणजे कॉपीराइट वगैरे शिकवणाऱ्या प्राध्यापकांना जाऊन भेटा, ते दोन-तीन नावं नक्की सांगतात. नाव मिळालं की सनद नंबर विचारा, आपल्याकडचा असेल तर केएआर आणि महाराष्ट्राचा असेल तर एमएएच अशी अक्षरं पुढं असतात. नंबर विचारला म्हणून रागावणारा वकील मी अजून बघितला नाही.

उचगावचे_काका

पोरगी गाणारी आहे म्हणतोस तर एक ऐक. जिल्हा कोर्टाच्या आवारात, चन्नम्मा सर्कलजवळच, विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. १९८७ च्या कायद्यानं बायकांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असू दे. फोन नंबर १५१००. आमच्या सुनेच्या कामाला मी स्वतः गेलो होतो, तिथल्या बाईंनी चहा देऊन ऐकून घेतलं. तिथं गाण्याच्या कराराचा तज्ज्ञ भेटेलच असं मी म्हणत नाही, पण पोरीच्या बाजूनं कागद बघणारा कुणीतरी भेटतो.

आणि एक, सतरा वर्षांच्या पोरीची सही घेऊन काय उपयोग? अठराच्या आत केलेला करार आपल्या कायद्यात करारच नव्हे. कंपनीला हे माहीत नाही काय?

खानापूरचा_हलगीवाला

काका, सहीच्या पानावर तिच्या नावाखाली नुसती रेघ मारलीय, वय विचारलंच नाही. हे आमच्या पण डोक्यात नव्हतं, खरंच धन्यवाद.

ताई, मेल टाकला. पंधरा नाही, दहा दिवस दिले. लॉ कॉलेजच्या सरांकडनं कोल्हापूरच्या एका वकील मॅडमचा नंबर मिळालाय, त्या फक्त असलेच करार बघतात. पुढच्या शनिवारी बोलावलंय. आता सांगा, पिशवीत काय काय भरू?

सनद_निपाणी

आधी फोनवर कंपनीचं नाव सांगा, बाकी काही नको. त्या मॅडम त्याच कंपनीचं काम करत असतील तर तुमचं घेऊ शकणार नाहीत, ते आधी कळलेलं बरं. आणि फी लेखी विचारा. नुसतं वाचून सांगायचे किती, बदल लिहून द्यायचे किती, कंपनीशी बोलायचे किती, हे तीन वेगळे आकडे आहेत. "गेल्या वर्षात गीतकाराच्या बाजूनं किती करार बघितले" हे पण विचारा, कारण काही जण कायम कंपनीच्याच बाजूनं बसलेले असतात आणि त्यांची नजर तशी तयार होते.

मग एक पान लिहा. मराठीत, हातानं लिहिलं तरी चालतं. गाणं कधी सुचलं, चाल कधी बसली, रेकॉर्डिंग कुठल्या तारखेला, चॅनेलवर कधी गेलं, मेल कधी आला. तारीख आणि एक ओळ, तारीख आणि एक ओळ. हे पान नसलं की पहिला अर्धा तास यातच जातो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे तुमचेच. त्याच पानाच्या मागं लिहा की तुम्हाला काय हवंय. पैसे जास्त हवेत, नाव हवंय, की गाणं स्वतःकडं ठेवायचंय? तिन्ही हवं असेल तर पहिलं कुठलं?

कागद म्हणजे अ‍ॅग्रीमेंटच्या दोन प्रिंट, मेल जसाच्या तसा, व्हॉट्सअ‍ॅपवर कंपनीच्या माणसाशी काही बोलला असाल तर पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून, नुसते स्क्रीनशॉट नकोत. रेकॉर्डिंगच्या मूळ फाइली ज्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तयार झाल्या तिथंच राहू द्या, कॉपी वेगळी काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरनं फिरवलेली फाइल आणि मूळ फाइल एक नसते, आणि उद्या कोर्टात पुरावा द्यायची वेळ आली तर त्या फाइलीचं प्रमाणपत्र मूळ यंत्रावरनंच द्यावं लागतं.

सगळ्यात जास्त लोक विसरतात ती गोष्ट आता सांगते. गाणं जर कुठल्या डिस्ट्रिब्युटरमार्फत स्ट्रीमिंग अ‍ॅपवर टाकलं असेल तर तेव्हा "आय अ‍ॅग्री"वर टिक केलेलं असतं. तो पण करारच. आणि तुमच्यापैकी कुणी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या सोसायटीचा, सभासद असेल तर काही हक्क आधीच तिकडं दिलेले असतात, ते परत दुसऱ्याला देता येत नाहीत. हे मॅडमना पहिल्या पाच मिनिटांत सांगा. लपवू नका. वकिलाला सांगितलेलं वकील बाहेर सांगू शकत नाही, पूर्वी ते एव्हिडन्स अ‍ॅक्टमध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये आहे. म्हणून चुलते सोबत आले तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवा, प्रेमानं.

शहापूरकर_तबलजी

ताईंनी सांगितलं त्यात माझं एक. चॅनेल कुणाच्या जीमेलवर आहे ते बघून ठेव. आमचं चॅनेल एका पोराच्या जुन्या मेलवर होतं, तो दुबईला गेला आणि पासवर्ड त्याच्याकडंच.

खानापूरचा_हलगीवाला

जाऊन आलो मंडळी. कालपासनं लिहीन लिहीन म्हणतोय.

आम्ही तिघं आणि पोरीचे बाबा, पहाटेच्या एसटीनं बेळगाव, तिथनं निपाणीवरनं कोल्हापूर. मॅडमनी पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मी कुणाची वकील?" आम्ही म्हटलं आमच्या सगळ्यांची. त्या म्हणाल्या आज तुमचं एकमेकांत भांडण नाही म्हणून सगळ्यांशी बोलते, पण वाटणीवरनं वाद झाला तर मी एकाचीच बाजू घेऊ शकत नाही, मग प्रत्येकाला आपापला वकील बघावा लागेल. आणि चार कोरे कागद दिले. म्हणाल्या एकमेकांचं न बघता लिहा, या गाण्यात तुमचा वाटा किती टक्के. पोरीच्या वतीनं तिच्या बाबांनी लिहिलं, आमचा वडगावचा दोस्त फोनवर होता, त्यानं त्यांच्या नंबरवर मेसेज टाकला. बेरीज केली तर एकशे तीस आली. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना. चार वर्षं एकत्र गातोय, पण हे कधी बोललोच नव्हतो.

तिथंच अर्धा तास गेला पण तो सगळ्यात कामाचा अर्धा तास. त्यांनी समजावलं की टक्क्यांत भांडू नका, हक्क वेगवेगळे आहेत. शब्द माझे, चाल दोस्ताची, रेकॉर्डिंग ज्यानं पुढाकार घेऊन जबाबदारीनं केलं त्याचं, म्हणजे वडगावच्याचं, आणि गाणारीचा गाण्याचा हक्क तिचाच. वडगावचा दोस्त फोनवर गप्पच झाला, मग म्हणाला, माझं नाव कुठंच येणार नाही असं वाटायचं मला. आम्ही आधी आपसातला एक कागद करतोय, मराठीत, मॅडम तो तपासून देणार आहेत. पोरीच्या वतीनं आत्ता बाबा पालक म्हणून सही करतील आणि अठरा पूर्ण झाल्यावर ती स्वतः वाचून परत करणार.

मग त्यांनी गाणं लावायला सांगितलं. चार सेकंदांत थांबवलं. "हा आवाज कुणाचा?" म्हटलं आजीचा. "ओवी कुणाची?" म्हटलं तिच्या आईची, तिच्या आईच्या आईची, कुणाची म्हणून सांगणार. तर त्यांनी अकरावं पान उघडलं. तिथं लिहिलंय की गाण्यातला प्रत्येक भाग आमची स्वतःची नवी निर्मिती आहे, आणि तसं नाही निघालं तर कंपनीचं होईल ते नुकसान आम्ही भरून द्यायचं, वकिलाच्या खर्चासकट. परंपरेतली ओवी कुणाच्याच मालकीची नाही, ती कुणीही म्हणावी, पण आम्ही तिला "आमची नवी" म्हणून सही केली असती तर उद्या दुसऱ्या कुणी तीच ओवी रेकॉर्ड केली की गोंधळ आमच्या गळ्यात. आणि ओवी परंपरेची असली तरी ती म्हणणारी आजी कलाकार आहे, तिचा हक्क ५० वर्षं. तिला आम्ही विचारलंच नव्हतं. माझ्या मनात पण आलं नव्हतं की आजीला विचारायचं असतंय.

फी त्यांनी वाचून सांगायचे अडीच हजार घेतले, चौघांत वाटून घेतली. बदल लिहून द्यायचे वेगळे. कायमच्या ऐवजी पाच वर्षं, सगळ्या हक्कांऐवजी ठरावीक हक्कांचा परवाना, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा स्पष्ट, नावं द्यायचीच, आणि ओवी पारंपरिक म्हणून वेगळी नोंदलेली. वाद झाला तर कोर्टाऐवजी लवाद, म्हणजे पंच, तो पण फक्त मुंबईत आणि नेमणार कंपनी, असं होतं, त्यावर पण लाल रेघ मारलीय. कुणी गाणं चोरलं तर आपण राहतो तिथल्या जिल्हा कोर्टात दावा लावता येतो हे कायद्यातच आहे म्हणे, पण करारातला वाद करारात लिहिलेल्या ठिकाणी जातो, म्हणून ते कलम महत्त्वाचं. कंपनीचं उत्तर काल आलं. नावं मान्य, ओवी मान्य, पाच वर्षांना तयार नाहीत, दहा म्हणतात. बघू.

कडोलीचा_गणपा

तुटलं नाही म्हणजे. बरं वाटलं वाचून. मी पण एक भारूड लिहून ठेवलंय, नोंदणी करून ठेवू काय?

सनद_निपाणी

गणपादादा, लिहिल्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण पुरावा म्हणून चांगली. कॉपीराइट ऑफिसच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज होतो, शब्द किंवा चालीला ५०० रुपये, रेकॉर्डिंगला २०००. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळाल्यावर कुणाची हरकत येते का यासाठी ३० दिवस थांबतात.

हलगीवाले, आजींची संमती लेखी घेतली का?

खानापूरचा_हलगीवाला

काल रात्री. मॅडमनी मराठीत अर्धं पान लिहून दिलंय. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, पोरीच्या बाबांसमोर. आजीनं दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, माझं नाव येणार काय त्यात? म्हटलं येणार, आता कायद्यानंच येणार. मग विचारलं, कुठलं नाव घालणार, तर तिनं माहेरचं नाव सांगितलं. ओवी माहेरची हाय म्हणाली. आम्हाला घरात कुणाला ते नाव नीट माहीतच नव्हतं, आधार कार्डावर सासरचं. तर मॅडमना फोन करून विचारलं, दोन्ही नावं घालायची आणि अंगठ्याशेजारी दोन साक्षीदार.

आता ती म्हणतेय तिसऱ्या ओळीला दम लागला होता, परत म्हणून देते, नीट घ्या.

शहापूरकर_तबलजी

घ्या की, पण ही जुनी फाइल पुसू नको. करार त्या रेकॉर्डिंगवर चाललाय, नवीन घेतलेलं वेगळं रेकॉर्डिंग होतं. मॅडमना विचारूनच वापर.

खानापूरचा_हलगीवाला

होय की. जुना फोन तसाच कपाटात ठेवलाय, नवीन सिम दुसऱ्या फोनमध्ये. रविवारी वडगावचा दोस्त माईक घेऊन येतोय, आजीनं जातं आजच पुसून ठेवलंय.